गुरुत्वीय तरंग वेधशाळांचे जाल आणि कालसमक्रमण

परस्परांपासून शेकडो वा हजारो किमी. अंतरावर असलेल्या अभिज्ञातकांच्या (संवेदकांच्या) नोंदी एकत्र करून त्यांतून आकाशातील एखाद्या उगमाचे चित्र अथवा स्थान मिळविणे आणि त्यासाठी त्या सर्व ठिकाणची घड्याळे एकाच कालमापनाशी जुळवून ठेवणे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या निरीक्षणात्मक ज्योतिषशास्त्राचा एक महत्त्वाचा विषय होय. घड्याळे जुळविण्याच्या या क्रियेला कालसमक्रमण म्हणतात. महाराष्ट्रात या विषयाचा संबंध मुख्यतः दोन स्थळांशी येतो : पुणे जिल्ह्यातील खोडद (नारायणगावजवळ) येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दूरदर्शक व हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळील नियोजित गुरुत्वीय तरंग वेधशाळा ‘लायगो-इंडिया’. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी औंढा नागनाथ परभणी जिल्ह्यात मोडत असे. त्यामुळे या वेधशाळेची भूमी ऐतिहासिक दृष्ट्या परभणी जिल्ह्याचीच म्हणावी लागते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे नागनाथाचे मंदिर आणि संत नामदेवांनी विसोबा खेचरांकडून घेतलेला उपदेश यांसाठी हे गाव महाराष्ट्राला पूर्वीपासून परिचित आहे.

परभणी प्रदेशातील कालमापन : दिवसाच्या ६० घटका मोजण्याची पद्धत या भागात सर्वत्र रूढ होती. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. पाण्यावर तरंगणाऱ्या, तळाशी बारीक भोक असलेल्या घटिकापात्राने ती मोजीत आणि विवाहाचा मुहूर्त त्यावर साधीत. ही वेळ अर्थातच त्या त्या गावाची असे. शेजारच्या गावाची वेळ काही सेकंदांनी निराळी आहे, याची कोणाला फिकीर करण्याचे कारण नव्हते. ती गरज प्रथम आगगाडीने निर्माण केली. हैदराबाद संस्थानातून जाणारा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभी परभणीवरून सुरू झाला. भारतातील रेल्वे त्या काळी मद्रास वेधशाळेची वेळ पाळीत व ती तारायंत्राने स्थानकास्थानकांना कळविली जाई. एका ठिकाणचे घड्याळ तारेवरून दुसऱ्या ठिकाणच्या घड्याळाशी जुळविण्याचा हा या प्रदेशाचा पहिला अनुभव होय. १ जानेवारी १९०६ पासून ८२·५° पूर्व रेखावृत्तावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ आली. परभणीचे रेखांश सुमारे ७६·८° पूर्व असल्याने तेथील स्थानिक माध्य वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक घटका मागे असते.

वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेल्या प्रतिमांतून एकच चित्र जुळविण्याच्या कार्यातही हैदराबाद संस्थानाचा वाटा आहे. १८८७ मध्ये पॅरिस येथील परिषदेत आकाशाचा छायाचित्रीय नकाशा तयार करण्याचे ठरले आणि आकाशाचे पट्टे करून ते निरनिराळ्या देशांच्या वेधशाळांना वाटून देण्यात आले. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे दक्षिण आकाशातील १७° ते २३° क्रांतीचा पट्टा आला व पुढे उत्तरेकडील एक पट्टाही तिने पूर्ण केला. प्रत्येक काच शेजारच्या काचांवर काही अंशी येईल अशी मांडणी असल्याने सामाईक ताऱ्यांवरून ती एकमेकींशी जुळविता येत. येथे काळाचे बंधन सैल होते. तारे स्थिर असल्याने एक काच आज व दुसरी दहा वर्षांनी घेतली, तरी चालत असे. क्षणभर येऊन जाणाऱ्या घटनेच्या बाबतीत ही सवलत राहत नाही.

रेडिओ दूरदर्शकांची परंपरा : अनेक लहान आकाशकांचे संदेश एकत्र करून एका प्रचंड आकाशकाचे काम त्यांच्याकडून करून घेण्याचे तंत्र केंब्रिज येथे मार्टिन राईल यांनी विकसित केले (१९७४ चे नोबेल पारितोषिक). भारतात गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्यांचा संच उभारून सूर्याचे वेध घेतले. त्यांच्याच कल्पनेतून खोडदचा दूरदर्शक साकारला. त्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक असून त्यांपैकी १४ मध्यवर्ती सुमारे १ चौ. किमी. क्षेत्रात व उरलेले तीन भुजांवर पसरलेले आहेत. सर्वांत दूरच्या दोन आकाशकांतील अंतर सुमारे २५ किमी. भरते. तीस आकाशकांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी चित्राचा एक अंश पुरविते. सर्व आकाशकांना प्रमाण कंप्रता प्रकाशीय तंतूंवाटे एकाच ठिकाणाहून पुरविली जात असल्याने येथे अनेक घड्याळे जुळविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. घड्याळ एकच असते.

आकाशक वेगवेगळ्या खंडांत असतील, तर हा मार्ग खुंटतो. १९६७ पासून अशा दूरस्थ केंद्रांवर स्वतंत्र आणवीय घड्याळे ठेवून संदेश चुंबकीय फितींवर नोंदविण्यात येऊ लागले व फिती एका ठिकाणी आणून त्यांचा मेळ घालण्यात येऊ लागला. एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्ण विवराभोवतीचे, १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले चित्र याच पद्धतीने, एप्रिल २०१७ मधील नोंदींवरून मिळाले आहे.

वेबर यांचे प्रयोग व चार तासांची चूक : द्रव्यमानाच्या प्रवेगी हालचालीमुळे अवकाश-कालात उठणारे व प्रकाशवेगाने पसरणारे तरंग म्हणजे गुरुत्वीय तरंग होत. त्यांचे भाकीत आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये केले. ते टिपण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न अमेरिकन भौतिकीविज्ञ जोसेफ वेबर यांनी केला. त्यांची साधने म्हणजे टांगलेले ॲल्युमिनियमाचे भरीव दंडगोल होते. एकच दंडगोल कंप पावला, तर तो रस्त्यावरील वाहनानेही पावेल. म्हणून त्यांनी मेरिलंड व सुमारे एक हजार किमी.वरील आर्गॉन येथे असे दंडगोल ठेवले आणि दोन्हीकडे एकाच वेळी होणारे कंपच विचारात घेतले. असे ‘योगपद’ आपणास आढळल्याचे त्यांनी १९६९ मध्ये जाहीर केले.

पुढे रॉचेस्टर येथील गटाच्या नोंदींशी तुलना करतानाही त्यांना एकाच क्षणी घडलेले कंप मिळाले. परंतु एका ठिकाणची नोंद ग्रिनिच वेळेत आणि दुसऱ्या ठिकाणची अमेरिकेच्या पूर्व भागातील उन्हाळी वेळेत होती, हे नंतर उघडकीस आले. ज्या घटना एकाच क्षणी घडल्या असे मानले होते, त्यांत प्रत्यक्षात चार तासांचे अंतर होते. १९७४ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली व वेबर यांच्या निष्कर्षांवरील शास्त्रज्ञांचा विश्वास बहुतांशी उडाला. वेबर यांचे विश्लेषण इतर कारणांनीही सदोष ठरले होते. तरीही या एका प्रसंगाने पुढील पिढीस जो धडा दिला, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिला नसता. वेधशाळांच्या जालात घड्याळ हा साधनाचा उपांगभूत भाग नसून ते स्वतःच एक साधन असते. वेबर यांना न्याय द्यावयाचा, तर दूरस्थ अभिज्ञातकांच्या नोंदींची सांगड घालण्याची मूळ कल्पना त्यांचीच आहे, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी, १९७४ मध्ये, हल्स व टेलर यांनी शोधलेल्या युग्म पल्सारामुळे या तरंगांच्या अस्तित्वाचा अप्रत्यक्ष पुरावा पुढे मिळाला.

व्यतिकरणमापक : रायनर वाइस यांनी १९७२ मध्ये लेसर व्यतिकरणमापकाचा सविस्तर आराखडा मांडला. परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण पाठवावयाचे, टोकाच्या आरशांवरून ते परत आणावयाचे आणि दोन्ही भुजांच्या लांबीतील सूक्ष्म फरक व्यतिकरणावरून ओळखावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे अशा वेधशाळा उभारण्यात आल्या. भुजा ४ किमी. लांबीची व आरसा ४० किग्रॅ. वजनाचा असतो. एवढ्या लांबीत पृथ्वीच्या वक्रतेमुळे पडणारा फरक सव्वा मीटरच्या आसपास येतो. त्यामुळे नळी सरळ ठेवण्यासाठी जमिनीची पातळी राखून भागत नाही. ज्या तरंगाचा शोध लागला, त्याने ४ किमी.च्या भुजेत घडविलेला बदल प्रोटॉनाच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा होता.

दूरदर्शकाप्रमाणे या साधनास दिशा नसते. १०० हर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी ३,००० किमी. असल्याने प्रतिमा घेण्याचा प्रश्नच नसतो. ही वेधशाळा डोळ्यापेक्षा कानाशी अधिक मिळतीजुळती आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन कानांतील कालभेदावरून कळते. त्याचप्रमाणे दोन वेधशाळांतील कालभेदावरून आकाशात एक वलय मिळते व उगम त्या वलयावर कोठे तरी असतो. हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन यांच्यातील अंतर सुमारे ३,००० किमी. असल्याने हा कालभेद १० मिलिसेकंदांहून अधिक असू शकत नाही. या सर्व मोजणीत एका मिलिसेकंदाची चूक झाली, तरी वलय आठ-आठ अंशांनी सरकू शकते. पूर्णचंद्राच्या सोळा व्यासांइतके हे अंतर होय.

संगणक-जालांतील घड्याळे : मिलिसेकंद हे परिमाण संगणक-जालांच्या बाबतीत विशेष अर्थपूर्ण आहे. प्रत्येक संगणकातील क्वॉर्ट्‌झ स्फटिकाचे घड्याळ तपमानाप्रमाणे पुढे-मागे होत राहते. जालातून वेळ विचारावी, तर उत्तर येईपर्यंत ती जुनी होते. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या जाल-काल-संकेताने यावर तोडगा काढला. विचारणारा संगणक प्रश्न पाठविल्याची व उत्तर मिळाल्याची वेळ नोंदवितो. उत्तर देणारा प्रश्न मिळाल्याची व उत्तर धाडल्याची वेळ कळवितो. या चार नोंदींवरून जाण्यायेण्याचा एकूण वेळ निघतो व त्याचा निम्मा भाग एका दिशेचा धरून घड्याळ दुरुस्त केले जाते. यातील ‘निम्मा’ हे गृहीत मात्र सिद्ध करता येत नाही. जातानाचा मार्ग येतानाच्या मार्गाहून लांब असेल, तर त्या फरकाच्या अर्ध्याइतकी चूक घड्याळात राहते आणि कितीही वेळा विचारणा केली, तरी ती या देवाणघेवाणीतून उघड होत नाही. बँकांच्या व आगगाड्यांच्या व्यवहारास ही पद्धत पुरेशी आहे. तरंगांच्या दिशेचा शोध घेण्यास नाही.

म्हणून वेधशाळा कृत्रिम उपग्रहांवरील आणवीय घड्याळांचा आधार घेतात. अमेरिकेच्या जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात. तेथील क्षीण गुरुत्वामुळे घड्याळ जलद व वेगामुळे मंद चालते. दोन्हींचा निव्वळ परिणाम दररोज ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जाण्यात होतो व ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. ज्या सिद्धांताची परीक्षा पाहावयाची, त्याच सिद्धांताने दुरुस्त केलेले घड्याळ परीक्षेसाठी वापरावे लागते, ही यातील एक मौज आहे. या प्रणालीचा काल ६ जानेवारी १९८० पासून सेकंदांत अखंड मोजला जातो. त्यात लीप सेकंद मिळवीत नाहीत. वेधशाळेत मुख्य घड्याळापासून कालसंदेश प्रकाशीय तंतूंनी सर्व उपकरणांपर्यंत नेतात, सेकंदास १६,३८४ नोंदी घेतात आणि वेळेतील चूक एका मायक्रोसेकंदाच्या आत ठेवतात. खात्रीसाठी स्वतंत्र ग्राही व सिझियम घड्याळ यांच्याशी तुलना चालू असते. चार तासांच्या चुकीची पुनरावृत्ती होऊ नये, याची ही तरतूद म्हणता येईल.

१४ सप्टेंबर २०१५ ची घटना : या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वा. २० मि. ४५ से. या सुमारास (वेधशाळांच्या गणनेतील १,१२,६२,५९,४६२ वा सेकंद) दोन कृष्ण विवरांच्या विलीनीकरणाचा तरंग प्रथम लिव्हिंग्स्टन येथे व ६·९ मिलिसेकंदांनंतर हॅनफर्ड येथे नोंदला गेला. हा केवळ योगायोग नव्हे, हे दाखविण्यासाठी योजलेली युक्ती लक्षणीय आहे. एका वेधशाळेचे घड्याळ कागदोपत्री मुद्दाम सरकवून दोन्ही नोंदी पुनःपुन्हा जुळविण्यात आल्या. सरकविलेला काल तरंगाच्या प्रवासकालाहून अधिक असल्याने अशा वेळी मिळणारा प्रत्येक मेळ खोटाच असणार. सोळा दिवसांच्या नोंदींवर ही क्रिया सुमारे एक कोटी वेळा करूनही एवढा प्रबळ खोटा मेळ एकदाही आढळला नाही. त्यावरून असा योगायोग २,०३,००० वर्षांतून एकदाही घडणार नाही, असा निष्कर्ष निघाला. वेबर यांच्या बाबतीत नकळत जे झाले, तेच येथे हेतुपुरस्सर व नियमबद्ध रीतीने करण्यात आले.

उगमाचे स्थान मात्र सुमारे ६०० चौ. अंश इतक्या पसरट पट्ट्यापलीकडे निश्चित करता आले नाही. इटलीतील व्हर्गो वेधशाळा सामील झाल्यावर १४ ऑगस्ट २०१७ च्या घटनेत हेच क्षेत्र १,१६० वरून ६० चौ. अंशांवर आले. तीनच दिवसांनी, १७ ऑगस्ट रोजी, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा तरंग आला. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत नेमक्या त्याच वेळी उपकरणातील गोंगाटाचा मोठा झटका उमटला होता. तो काळजीपूर्वक वगळावा लागला. व्हर्गोत संदेश जेमतेमच होता. पण त्यावरूनच उगम त्या वेधशाळेच्या अंध दिशेजवळ असला पाहिजे, हे कळले. तीन साधनांपैकी एक बिघडलेले व एक जवळपास मूक असताना क्षेत्र २८ चौ. अंशांपर्यंत आटोक्यात आले. तरंगानंतर १·७ सेकंदांनी उपग्रहावर गॅमा किरणांची उसळी नोंदली गेली होती आणि सुमारे अकरा तासांत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत तिचा दृश्य प्रकाश सापडला. पुढे खोडदच्या दूरदर्शकानेही या घटनेच्या रेडिओ प्रारणाचे वेध घेतले. त्या वर्षीचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना विभागून देण्यात आले.

भारतीय सहभाग : क्षुब्ध झालेले कृष्ण विवर ठराविक कंप्रतेने नाद करीत शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखविले. बंगलोर येथे बाळ अय्यर यांनी फ्रेंच शास्त्रज्ञांसमवेत युग्मताऱ्यांच्या तरंगरूपांची गणिते केली. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय ज्योतिर्विज्ञान व ज्योतिर्भौतिकी केंद्रात (आयुका) संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी गोंगाटात बुडालेला संदेश त्याच्या अपेक्षित आकाराशी ताडून शोधण्याच्या पद्धतीचा १९९१ मध्ये पाया घातला. अभिज्ञातकांच्या जालाच्या नोंदी एकत्रितपणे तपासण्याच्या रीतीही धुरंधर व त्यांचे विद्यार्थी यांनी बसविल्या. भारतातील गटांनी २००९ मध्ये ‘इंडिगो’ हा संघ स्थापन केला.

हॅनफर्ड येथे आरंभी एकाच जागी दोन व्यतिकरणमापक होते. एकाच जागी असलेल्या दोन कानांना दिशा कळत नाही. म्हणून सुधारित सामग्रीचा तिसरा संच अन्य खंडात हलविण्याचा विचार पुढे आला. तो प्रथम ऑस्ट्रेलियास देऊ करण्यात आला होता. २०११ मध्ये त्या देशाने असमर्थता दर्शविल्यावर भारताचे नाव निश्चित होत गेले. पहिल्या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली व सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली. ३१ मार्च रोजी अमेरिकेशी करार झाला. अंतिम मंजुरीस मात्र ६ एप्रिल २०२३ हा दिवस उजाडला. तरतूद २,६०० कोटी रुपयांची असून ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली आणि २०३० पर्यंत काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मधल्या सात वर्षांत वेधशाळांचे निरीक्षणसत्र भारताविना पार पडले व जपानची काग्रा वेधशाळा २०२० मध्ये जालात आली. हा विलंब प्रकल्पास महागात पडला, असे म्हणणे भाग आहे. अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था व आयुका या संस्थांकडे कामाची विभागणी आहे. नोंदींच्या विश्लेषणासाठी आयुकात ‘सारथी’ हा संगणक-संच उभारण्यात आला आहे.

स्थलनिर्णय : वेधशाळेची जागा औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाच्या परिसरात आहे. समुद्राच्या लाटांमुळे भूमीत सतत उठणाऱ्या कंपांपासून दूर, दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाची सपाट भूमी, मोठे कारखाने व वर्दळीचे मार्ग यांचा अभाव आणि भूकंपाचे अल्प प्रमाण या बाबी निवडीत विचारात घेतल्या गेल्या. भूकंपाविषयी मराठवाड्याची स्मृती ताजी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे केंद्र येथून दीडशे किमी.हून अधिक दूर होते. २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ रोजी मात्र खुद्द हिंगोली परिसरातच ४·५ च्या आसपास महत्तेचे धक्के बसले व ते परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. असे धक्के निरीक्षणात खंड पाडतात. टांगलेले आरसे व त्यांची नियंत्रणव्यवस्था पुन्हा स्थिर होण्यास काही काळ जावा लागतो. वेधशाळेला त्याहून अधिक उपद्रव रोजच्या बारीक कंपांचा होतो आणि त्यांच्या दृष्टीने ही जागा चांगली ठरली आहे.

या जागेचे खरे महत्त्व भूमितीत आहे. हॅनफर्ड, लिव्हिंग्स्टन व व्हर्गो हे तीन बिंदू मिळून एक प्रतल ठरते आणि केवळ कालभेदावरून त्या प्रतलाच्या दोन बाजूंपैकी उगम कोणत्या बाजूस आहे, हे सांगता येत नाही. औंढा नागनाथ या प्रतलाच्या बाहेर पडते. शिवाय अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांच्या भुजा जवळजवळ समांतर असल्याने तरंगाच्या ध्रुवणाचा एकच घटक त्यांना चांगला कळतो. वेगळ्या दिशेने बसविलेला अभिज्ञातक दुसरा घटक पुरवू शकतो. औंढ्यापासून हॅनफर्डपर्यंत पृथ्वीच्या आरपार सरळ रेषेत प्रकाशाला जाण्यास सुमारे ३५ व लिव्हिंग्स्टनपर्यंत सुमारे ३८ मिलिसेकंद लागतील. दोन अमेरिकन वेधशाळांमधील १० मिलिसेकंदांच्या तुलनेत हा पाया साडेतीन पटींहून अधिक रुंद आहे आणि घड्याळांची अचूकता तीच ठेवली, तरी वलय त्या प्रमाणात अरुंद होते.